थैली आपल्यापुढे येते तेव्हा

थैलीवाला

सर्वांना सलाम.

गेली सात वर्षं मी आमच्या मंडळीचा (म्हणजे चर्चचा) खजिनदार आहे. उपासना संपल्यावर सगळे बाहेर गप्पा मारत उभे असतात, तेव्हा मी आणि आणखी एक जण मागच्या खोलीत दानाच्या थैल्या टेबलावर उलट्या करून मोजत बसलेलो असतो. एकट्याने मोजायचं नाही, दोघांच्या सह्या लागतात, हा आमचा जुना नियम. मोजून मोजून हात इतका बसलाय की गड्डी उचलली की आकड्याचा अंदाज येतो.

परवा पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात तरुणसंघापुढे दानाविषयी तूच बोल. पैशाचं तुलाच कळतं." हो म्हणून बसलो. रात्री वही उघडली तर अर्धं पानसुद्धा भरेना. मोजणं वेगळं आणि देणं वेगळं, हे इतक्या वर्षांत कधी टोचलंच नव्हतं.

मग बायबलमधल्या २ करिंथ या पत्रातले आठवा आणि नववा हे दोन अध्याय सावकाश वाचले. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करतोय. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली आणि मग गाडी अडली. (कुठल्याही बांधकाम फंडाची गोष्ट वाटते ना?) त्यांना हलवायला पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांचं उदाहरण देतो. ती माणसं संकटात होती, कमालीची गरीब होती, आणि तरी 'आम्हालाही यात वाटा घेऊ द्या' म्हणून पौलाच्या मागे लागली होती. मी सात वर्षं लोकांच्या मागे लागतोय. माझ्या मागे असं कोणी लागल्याचं आठवत नाही.

आणखी एक. मूळ ग्रीकमध्ये देवाच्या कृपेला जो शब्द आहे, 'खारिस', तोच शब्द पौल या वर्गणीलाही वापरतो. वर 'हे मी आज्ञा म्हणून सांगत नाही' असंही स्पष्ट म्हणतो.

आता माझा प्रश्न. देवाला कशाचीच कमतरता नाही. स्तोत्र ५० मध्ये तो म्हणतोच की हजारो डोंगरांवरची गुरं माझी आहेत, मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही. मग ख्रिस्ती जीवनात देण्याला एवढं महत्त्व कशासाठी? आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हे सांगताना 'आला बघा थैलीवाला' असं त्यांना वाटू नये, तर सुरुवात कुठून करू?

दहावा_वाटा

सुरुवात दशमांशापासून करा. सोपं आहे. माझ्या वडिलांनी पहिल्या पगाराच्या दिवशी शिकवलं: आधी दहावा भाग बाजूला काढायचा, मग बाकीचा हिशेब मांडायचा. उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडे कधीच उरत नाही.

लोक म्हणतात दशमांश नियमशास्त्रातला आहे, आम्ही कृपेखाली आहोत. अहो, अब्रामाने मलकीसदेकाला दहावा भाग दिला तेव्हा मोशेचा जन्मही झाला नव्हता (उत्पत्ती १४). आणि मलाखी ३ मध्ये देव स्वतः म्हणतो, सगळा दशमांश भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा. मनावर सोडलं तर मन दर महिन्याला 'पुढच्या महिन्यापासून' म्हणतं. अनुभवाचे बोल आहेत, माझं मन तरी असंच आहे.

शेपजिरे

दहावा_वाटा, शिस्तीबद्दल सहमत. पण दशमांश म्हणजे 'पगाराचे दहा टक्के मंडळीच्या खात्यात' असं जे आपण धरून चालतो, ते नियमशास्त्रात शोधून दाखवा.

तिथे दशमांश आहे तो शेतमालाचा आणि गुराढोरांचा. गणना १८ प्रमाणे तो देवाची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला मिळायचा, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. आणि लेव्यांनीही त्यातला दहावा भाग पुढे याजकांना द्यायचा. अनुवाद १४ वाचा, मजा येईल. तिथला दशमांश घेऊन यात्रेला जायचं आणि देवासमोर सहकुटुंब बसून तो खायचा! जागा लांब असेल तर विकून चांदी न्यायची, तिथे मनाला येईल ते विकत घ्यायचं आणि आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश मात्र गावातच ठेवायचा: लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मलाखीचं भांडार आपण रोज ऐकतो. हे पोटभर जेवणारे उपरे आणि अनाथ किती जणांनी उपदेशात ऐकलेत?

मलाखीच्या त्या वचनालाही संदर्भ आहे. साधारण त्याच काळात नहेम्या (अध्याय १३) सांगतो की लेव्यांचे वाटे दिलेच जात नव्हते, म्हणून ते मंदिराची सेवा सोडून शेतांवर निघून गेले होते. 'देवाला ठकवणं' म्हणजे काय, ते इथे कळतं. कोणाच्या तरी ताटातलं काढून घेतलं होतं.

आणि पुढचा इतिहास बघितला तर दशमांशाचं काय झालं? ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकोनच्या धर्मसभेने तो न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली. ७७९ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेनने त्याला राजाज्ञेचं बळ दिलं. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत लोकांनी जे पहिल्या झटक्यात उडवलं त्यात दशमांशही होता. इंग्लंडमध्ये धान्याच्या पेंढ्यांऐवजी रोख पैसे घ्यायचं ठरलं ते १८३६ मध्ये, तोपर्यंत शेतकरी आणि धर्मगुरू यांची बांधावर भांडणं चालूच. हजार वर्षं दिलं, पण कर म्हणून दिलं. कोणाचं मन उदार झालं असेल त्याने?

(माझं टोपणनाव कुठून आलं ते मत्तय २३:२३ मध्ये बघा. पुदिना, शेप, जिरे यांचासुद्धा दशमांश मोजून देणारे आणि न्याय, दया, विश्वास विसरणारे. स्वतःची आठवण राहावी म्हणून घेतलंय.)

दहावा_वाटा

त्याच वचनाचा शेवट सोडलात. 'या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या.' प्रभूने दशमांश बंद करा असं म्हटलेलं नाही.

शेपजिरे

मान्य. तेवढा गुण तुमचा. पण नव्या करारात विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना लिहिताना पौल एकदाही दहाचा आकडा घेत नाही. एवढी मोठी वर्गणी जमवतोय, आकडा सांगणं किती सोयीचं होतं! तो म्हणतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६). शिस्त आहे, प्रमाण आहे, टक्का नाही.

कोपऱ्यातला_बाक

हा धागा उघडू नये असं ठरवलं होतं. तरी उघडला.

मी लहान असताना ज्या मंडळीत जायचो तिथे वर्षाच्या शेवटी देणाऱ्यांची नावं आकड्यांसकट वाचली जात. मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे. माझ्या आईचं नाव शेवटून दुसरं किंवा तिसरं यायचं. ती मान खाली घालून बसायची. मी तिच्या शेजारी बसून तिचे हात बघायचो. धुण्याभांड्यांनी भेगा पडलेले हात. मोठा झाल्यावर बरीच वर्षं मी थैली आली की पुढे सरकवून द्यायचो. रिकाम्या हाताने, मुद्दाम.

आणि त्या विधवेच्या गोष्टीबद्दल. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन बारीक नाणी, टाकणारी. दर वर्षी तिच्यावर उपदेश व्हायचा, आणि दर वर्षी मार्क १२:४१ पासून वाचायला सुरुवात. मी एकदा घरी जाऊन ३८ पासून वाचलं. तिथे प्रभू शास्त्र्यांविषयी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांविषयी, म्हणतो की ते विधवांची घरं गिळंकृत करतात. लगेच पुढे ही विधवा आपली सगळी उपजीविका टाकते. त्याच्या लगेच पुढे शिष्य मंदिराच्या दगडांचं कौतुक करतात आणि प्रभू म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. आता सांगा, तो तिचं कौतुक करत होता की तिच्याकडून शेवटची दमडी घेणाऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवत होता?

थैलीवाला, तरुणांना शिकवणार असाल तर आधी हे शिकवा.

थैलीवाला

तुमच्या आईचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्याकडे नावं वाचत नाहीत. पण फलकावर लावतात. उद्या फलकाबद्दल पंचांशी बोलतो.

जुनी_वही

कोपऱ्यातल्या बाकावरच्या भावा, तुमचं वाचन बरोबर आहे. मी चाळीस वर्षं शब्बाथशाळेत शिकवलं, आणि मीही कित्येक वर्षं ४१ व्या वचनापासूनच सुरुवात करत होते.

पण एक सांगू? दोन्ही खरं आहे असं मला वाटतं. व्यवस्था तिला खात होती हे खरं. आणि तिने दिलं ते तिचं स्वतःचं होतं हेही खरं. त्या दोन टोल्यांची किंमत काढून बघा. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि त्याचा चौसष्टावा भाग म्हणजे तिची दमडी. मंदिराच्या खजिन्यात तिने काडीचाही फरक पडणार नव्हता. प्रभू मात्र दानपेट्यांसमोर बसून बघत होता, आणि त्याने रक्कम नाही बघितली, मागे काय उरलं ते बघितलं. तिच्याकडे दोन नाणी होती, एक ठेवता आलं असतं. शास्त्र्यांनी तिचं घर खाल्लं असेल, पण तिचा हात त्यांना आवळून बंद करता आला नाही. तुमच्या आईची मान ज्यांनी खाली घालायला लावली, त्यांना मी शास्त्रीच म्हणेन. तिच्या देण्याची गोष्ट मात्र वेगळी धरा, ती त्यांच्या खात्यात घालू नका.

थैलीवाला, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. २ करिंथ ८:२ मध्ये आपल्याकडे 'औदार्य' असं भाषांतर आहे ना, तिथे ग्रीक शब्द आहे 'हाप्लोतेस'. त्याचा मूळ अर्थ सरळपणा, साधेपणा. घडी नसलेलं, एकपदरी असणं. मला हा अर्थ सापडला तेव्हा फार आवडला होता. आपल्या मनाला घड्या असतात. देताना एक घडी 'लोक काय म्हणतील' ची, एक 'परत काय मिळेल' ची, एक 'उद्या मलाच लागलं तर' ची. औदार्य म्हणजे या घड्या उलगडलेलं मन. म्हणून देवाला गरज नसतानाही देणं महत्त्वाचं. घड्या आपल्या आहेत, त्या त्याच्या कोठारात नाहीत.

सहज_वाचक

मी ख्रिस्ती नाही, या विभागात अधूनमधून डोकावतो. एक भाबडा प्रश्न. तुमच्याकडे दान केल्याने पुण्य लागतं का? म्हणजे तारणासाठी त्याचा उपयोग होतो का? नसेल तर मग एवढा आग्रह का? आणि फक्त आपल्याच लोकांना द्यायचं असतं की कोणालाही?

मेणबत्ती

सहज_वाचक, भाबडा कसला, याच प्रश्नावरून युरोप दुभंगलाय. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या घरातली उणी बाजू मीच सांगतो. १५१७ साली रोममधल्या संत पेत्राच्या बॅसिलिकेच्या बांधकामासाठी दंडमुक्तीपत्रं, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं, विकली जात होती. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने जे ९५ मुद्दे मांडले त्यातला ४३ वा असा: गरिबाला देणारा किंवा गरजवंताला उसनं देणारा हा दंडमुक्तीपत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो. म्हणजे भांडण दान द्यावं की नाही यावर नव्हतं. देवाशी सौदा करता येतो का, यावर होतं. त्या एका बाबतीत आज आम्ही सगळेच नाही म्हणू.

आमच्याकडे उपवासकाळात तीन गोष्टी जोडीने सांगतात: प्रार्थना, उपवास, दानधर्म. मत्तय ६ मध्ये त्या तिन्ही एकत्र येतात. माझी आजी म्हणायची, उपवासाने वाचलेलं स्वतःच्या डब्यात राहिलं तर तो उपवास नव्हे, काटकसर.

आणि चौथ्या शतकातले कैसरियाचे संत बाझिल तर याला दान म्हणायलाही तयार नाहीत. त्यांच्या उपदेशाचा रोख असा, की तू दडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत घडी करून ठेवलेला अंगरखा उघड्याचा आहे. म्हणजे द्यायचं ते तुझं नव्हतंच, तू फक्त परत करतोयस. ३६८ च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी कोठारवाल्यांना असंच फैलावर घेतलं आणि स्वतः अन्नवाटपाला उभे राहिले.

कोणाला द्यायचं? गलती ६:१० मध्ये 'सर्वांचं बरं करावं, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं' असं आहे. 'सर्वांचं' हा शब्द आधी येतो. चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यात तर जखमी माणसाचा धर्म कोणी विचारलेलाच नाही.

सहज_वाचक

'परत करतोयस' हे डोक्यात राहणार आता. धन्यवाद.

रात्रपाळी

रुग्णालयात ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. माझ्यावर कर्ज आहे. आईच्या आजारपणाचं. दर महिन्याला हप्ता गेला की हातात मोजकं राहतं. थैली आली की पोटात गोळा येतो. कमी टाकते म्हणून लाज आणि टाकलं तर हप्त्याची भीती. हा सगळा धागा वाचून ती लाज थोडी वाढलीच, कोणाचा दोष नाही. माझ्यासारखीने काय करायचं?

जुनी_वही

अगं बाई, सगळ्यात आधी तू तो २ करिंथ ८:१२ वाच. उत्सुकता असली तर जवळ असेल त्याप्रमाणे ते मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. आणि पुढच्याच ओळीत पौल म्हणतो, दुसऱ्यांना सोय आणि तुम्हाला ओझं व्हावं म्हणून हे नाही, समानता व्हावी म्हणून आहे. आज त्यांच्या तुटीला तुमची विपुलता, उद्या तुमच्या तुटीला त्यांची. तो रानात देवाने खायला दिलेल्या मान्न्याची आठवण देतो: ज्याने फार गोळा केला त्याचं जास्त झालं नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडलं नाही. आजच्या घडीला तू या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहेस. त्यात लाज कसली?

आणि मार्क ७ मधलं 'कुर्बान' आठव. आईवडिलांना द्यायचं ते 'देवाला अर्पण' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांवर प्रभू किती चिडला होता! आईच्या औषधाचा हप्ता हा तुझा पहिला दानाचा हप्ता आहे असं मी म्हणेन. कोणी काही बोललं तर ही आजी म्हणाली म्हणून सांग.

शेपजिरे

+१. आणि रात्रपाळी, रात्रभर जागून दुसऱ्यांच्या आईची सेवा करता ते कुठल्या थैलीत मोजायचं ते खजिनदारांना विचारा.

दहावा_वाटा

मी शिस्तीचा माणूस, पण इथे माझंही मत जुनी_वही यांच्यासारखंच. कर्जबुडवेपणा करून दिलेला दशमांश हा सावकाराचा पैसा असतो.

बीजवचन

सगळे फार गंभीर झालात. २ करिंथ ९:६ स्पष्ट आहे. जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करतो, जो सढळ हाताने पेरतो तो सढळ कापणी करतो. रात्रपाळी भगिनी, विश्वासाने बी पेरा, कर्ज फिटेल. मी एका सभेत ऐकलं की जेवढी गरज मोठी तेवढं बी मोठं पेरायचं. अनेकांना शंभरपट मिळालंय.

कोपऱ्यातला_बाक

हेच. बरोबर हेच. बी पेरणारा कर्जबाजारी आणि कापणी सभेच्या आयोजकाची.

संपादक

व्यक्तिगत होऊ नका. मुद्द्यावर बोला.

शेपजिरे

मुद्द्यावरच बोलतो. बीजवचन, तुमचं वचन खरं आहे, पण पुढे वाचत जा. ९:७: प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखाने नको, भाग पडलं म्हणून नको. ९:८: देव पुरवतो ते प्रत्येक चांगल्या कामासाठी सढळ व्हावं म्हणून. ९:११: संपन्न व्हाल ते आणखी उदार होण्यासाठी. पीक येतं, पण ते तिजोरीत ठेवायला येत नाही, पुन्हा पेरायला येतं. आणि मासेदोनियाचे लोक एवढं देऊनही श्रीमंत झाल्याचं पौल कुठेच लिहीत नाही. बी मोठं पेरलं म्हणून त्यांचं दारिद्र्य गेलं असतं तर त्याने ते पहिल्या ओळीत सांगितलं असतं.

'मोठी गरज, मोठं बी' म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी कसोटी आहे. 'डिडाखे' नावाची अगदी सुरुवातीच्या मंडळीची शिकवण-पुस्तिका आहे. तिच्यात लिहिलंय, फिरता उपदेशक आत्म्याच्या नावाने 'मला पैसे द्या' म्हणाला तर त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करू नका. किती सोपं! त्याच पुस्तिकेत असंही आहे की कोणाला देतोयस ते कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे.

बीजवचन

मी मनापासून लिहिलं होतं. मला स्वतःला अनुभव आलाय म्हणून. पण रात्रपाळी भगिनींना तसं सांगायला नको होतं. माफ करा.

रात्रपाळी

माफ काय, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत. ड्युटी संपली, झोपते आता.

मेणबत्ती

पैसे हाताळण्याबद्दल पौल स्वतः किती जपून होता ते ८:२० मध्ये आहे. एवढी मोठी रक्कम न्यायची तर आमच्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ पाठवतोय, म्हणतो. देवाच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते करायचं. थैलीवाला, तुमच्या दोन सह्यांचं मूळ इथपर्यंत जातं बघा.

खर्चाचंही तसंच. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी ज्यांना जमेल ते स्वखुशीने देतात, ते अध्यक्षापाशी ठेवतात, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि आलेले परके यांना बघतो. पन्नासएक वर्षांनी कार्थेजचा टर्टुलियन तर चक्क यादी देतो: गरिबांचं जेवण आणि दफन, पोरकी मुलं, म्हातारे झालेले नोकर, फुटलेल्या जहाजांतून वाचलेले, खाणींत आणि बेटांवर शिक्षा भोगणारे. आमची पेटी कशावर खर्च होते ते एका यादीत सांगा म्हटलं तर किती मंडळ्या अशी यादी देतील? इमारत, रंगकाम, ध्वनियंत्रणा यांच्या खाली 'परके' हा रकाना तरी असतो का?

दहावा_वाटा

इमारतही लागते हो. पावसात भिजत उपासना करून बघा. निर्गम ३५-३६ मध्ये निवासमंडपासाठी (देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी) लोकांनी किती आणलं! कारागीर हातातलं काम सोडून मोशेकडे आले, म्हणाले, कामाला लागतं त्यापेक्षा जास्त येतंय. मग मोशेने छावणीत दवंडी पिटवली: आता आणू नका.

थैलीवाला

'आता आणू नका.' खजिनदाराच्या तोंडून हे वाक्य निघालेलं अख्ख्या शास्त्रात एकदाच असावं! हे भाषणात घेतोच.

जुनी_वही

घ्या, पण तरुणांना व्यवहारातलंही एक सांगा. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने एक हिशेब लिहून ठेवलाय. ऑक्सफर्डमधल्या मेथडिस्ट तरुणांबद्दल तो लिहितो, 'त्यांच्यातल्या एकाला' वर्षाला ३० पौंड मिळत. २८ मध्ये तो भागवायचा, २ द्यायचा. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८ च, दिले ३२. मग ९०, दिले ६२. मग १२०, दिले ९२. 'त्यांच्यातला एक' कोण ते सगळ्यांना कळतं, पण त्याने 'मी' लिहिलं नाही. पगार वाढला की आपलं राहणीमान आधी वाढतं, दान जागच्या जागी. तरुण मुलांना हा हिशेब पहिल्या पगाराआधी दिसला तर बरं. नंतर फार उशीर होतो, खर्चाला सवय लागलेली असते.

आणि इंग्लंडमधला उपदेशक जॉर्ज म्युलर. १८३० मध्ये त्याने ठरलेला पगार नाकारला, कारण तो बाकांच्या भाड्यातून यायचा: पैसेवाल्यांना पुढची चांगली जागा, गरिबांना मागची. त्याऐवजी त्याने पेटी ठेवायला सांगितली. पुढे ब्रिस्टलला १८३६ पासून अनाथगृहं चालवली. हयातीत दहा हजारांवर मुलं सांभाळली, माणसांपाशी मागितलं नाही, आणि हिशेब दर वर्षी छापला. मागायचं नाही आणि लपवायचंही नाही, ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते.

अनामिका७

मी नुसती वाचत होते. एक बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. घेणाऱ्याची.

नवरा गेला तेव्हा मुलं लहान होती. तेराव्या-चौदाव्या दिवसानंतर येणारी माणसं बंद होतात, ते आपलं चालतंच. त्या महिन्यात दाराखालून एक पाकीट आलं. नाव नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा. असं साधारण दोन वर्षं. शाळेची फी असायची त्या महिन्यात थोडं जास्त. म्हणजे देणाऱ्याला आमच्या घरातलं माहीत होतं.

पहिले काही महिने मी प्रत्येक चेहऱ्यात शोधायची, हा असेल का, ही असेल का. मग शोधणं सोडलं. त्याचा एक विचित्र परिणाम झाला. कोण ते माहीत नसल्याने मी मंडळीतल्या सगळ्यांशीच जरा मऊ बोलायला लागले. जिच्याशी माझं वर्षानुवर्षं पटत नव्हतं तिच्याशीसुद्धा. न जाणो, तीच असली तर!

'उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये' हे देणाऱ्याने गर्व करू नये म्हणून आहे असं नेहमी ऐकते. मला वाटतं ते घेणाऱ्यासाठीही आहे. मला कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. वरती त्या भावाच्या आईचं वाचलं म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आता मुलं कमावती आहेत. मीही पाकिटं ठेवते. पुढचं सांगत नाही.

कोपऱ्यातला_बाक

अनामिकाताई, धन्यवाद. आज एवढंच.

थैलीवाला

तीन आठवड्यांनी परत आलोय. भाषण झालं. म्हणजे भाषण असं झालंच नाही.

मी सुरुवातीला मंडळीच्या गेल्या वर्षाच्या जमाखर्चाचा कागद सगळ्यांच्या हातात दिला. एरवी तो वार्षिक सभेत मोठ्यांनाच मिळतो. मुलं दहा मिनिटं नुसती वाचत बसली. एकीने विचारलं, "यात गरिबांसाठी कुठे आहे?" मी रकाना दाखवला. ती म्हणाली, "एवढाच?" मी म्हटलं, "एवढाच." पंच मागे बसले होते, त्यांनी छताकडे पाहिलं.

मग निर्गम ३६, मासेदोनिया, वेस्लीचा हिशेब, रात्रपाळी यांच्यासाठी लिहिलेलं ८:१२ (नाव न घेता), सगळं सांगितलं. चाललं होतं बरं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "काका, मोजताना तुम्हाला तुमचं स्वतःचं पाकीट ओळखू येतं का?" सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता गप्प झालो. कारण येतं ओळखू. सात वर्षांपूर्वी खजिनदार झालो तेव्हा एक रक्कम ठरवली होती, दर महिन्याला तेवढीच घालतो. पगार त्यानंतर दुप्पट झालाय. पाकिटातली रक्कम तीच आहे. मोजणाऱ्याने दुसऱ्यांचं मोजलं, स्वतःचं कधी मोजलंच नाही.

हे मी त्यांना सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. खोलीत शांतता झाली आणि मग तो मुलगाच म्हणाला, "जाऊ द्या काका, आम्ही तर काहीच देत नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हीच कधी बोलता ते बघत होते."

फलकावरची नावं काढली आहेत. दोन जण रागावले. रकान्याबद्दल पुढच्या बैठकीत विषय घेतलाय.

दहावा_वाटा

छान झालं की. मग आता नवी रक्कम किती ठरवलीत? दहा टक्के झाले का?

थैलीवाला

माझ्या डाव्या हाताला विचारा. त्याला माहीत असेल तर तो सांगेल.